खरखरीचा माग

इंजिन बंद असताना रेडिओ अगदी स्वच्छ वाजतो. स्टार्टर दाबला की गाण्यावर तडतड चढते. ॲक्सिलरेटर पिळला की तिच्यात बारीक शिट्टी मिसळते आणि फॉग लाइट लावले की त्यावर आणखी एक गुणगुण. लांबच्या प्रवासाच्या मोटरसायकलींवर ही तक्रार नेहमीची आहे, मग गाडी रेडिओ-स्पीकर घेऊनच आलेली गोल्डविंग असो की मालकाने चार्जर, फॉग लाइट आणि छोटा ॲम्प्लिफायर एकेक करून जोडलेली हिमालयन. गॅरेजमध्ये यावर ठरलेला उपाय म्हणजे एखादा फिल्टर बसवणं. तो पुष्कळदा अर्धाच लागू पडतो, कारण तडतड, शिट्टी आणि गुणगुण या तिन्हींचा उगम वेगळा आहे आणि कानापर्यंत येण्याची वाटही वेगळी. उगम आणि वाट ओळखल्याशिवाय केलेला खर्च अंदाजावरचा असतो. ओळखणं मात्र कठीण नाही. त्यासाठी स्वतःचे कान, एक मल्टिमीटर आणि जुना ट्रान्झिस्टर एवढी सामग्री पुरते.

ठिणगी आणि लहरी

जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे १८८६ ते १८८८ या काळात हाइनरिश हर्ट्झ यांनी दोन धातूच्या गोळ्यांमधल्या फटीत ठिणगी पाडली आणि दूर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत तिचं अगदी बारीक उत्तर पाहिलं. रेडिओलहरी प्रयोगाने सिद्ध झाल्या त्या अशा, ठिणगीतून. पुढे मार्कोनींचे सुरुवातीचे प्रक्षेपकही ठिणगीचेच होते. त्यांचा मोठा दोष असा, की ठिणगी एका ठरावीक कंप्रतेवर बोलत नाही. ती एकाच वेळी फार रुंद पट्टा व्यापते आणि शेजाऱ्यांची संभाषणं बुडवते. म्हणून ते प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने हद्दपार झाले.

पेट्रोल इंजिनात मात्र ठिणगी राहिली. इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टांवरून पंधरा-वीस हजार व्होल्टांचा दाब उभा करते आणि प्लगच्या फटीत तो काही नॅनोसेकंदांत कोसळतो. इतक्या झटक्यात बदलणारा प्रवाह मध्यम लहरींपासून एफएमच्याही पलीकडे पसरतो आणि कॉइलपासून प्लगपर्यंतची जाड वायर त्याची अँटेना बनते. रेडिओची खरी अँटेना तिथून हातभर अंतरावर असते आणि तिला पकडायचा असतो व्होल्टच्या काही लक्षांशांएवढा सिग्नल. दोन्हींतलं गुणोत्तर अब्जाच्या घरात जातं.

यावरचा उपाय स्वस्त आणि जुना आहे: प्लगच्या पोटात किंवा प्लगच्या टोपीत बसवलेला सुमारे ५,००० ओहमचा रोधक. प्लगच्या क्रमांकातलं ‘आर’ हे अक्षर बहुधा त्याचीच खूण असते. बीपी६ईएस हा साधा प्लग, बीपीआर६ईएस हा रोधकाचा. रोधकाने ठिणगी कमजोर होते अशी समजूत गॅरेजमध्ये आजही भेटते. फटीतली हवा फुटेपर्यंत प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे रोधकावर दाब खर्ची पडत नाही. पूर्ण दाब फटीला मिळतो. फट फुटल्यानंतर जो प्रवाहाचा लोंढा येतो, त्याची धार तेवढी रोधक बोथट करतो. इंधन इंजेक्शनच्या गाड्यांत तर रोधकाचा प्लग टाळणं धोक्याचं आहे, कारण तीच धार गाडीच्या संगणकाला चुकीचे इशारे देऊ शकते. टोपीतला रोधक जळाला की आतल्या आत आणखी एक ठिणगी पडू लागते आणि तडतड वाढते. मल्टिमीटरवर पाच हजारांच्या आसपास आकडा आला नाही, तर टोपी बदलावी.

शिट्टीचं गणित

शिट्टी येते ती चार्जिंगच्या यंत्रणेतून. मोटरसायकलच्या क्रँकला जोडलेली चुंबकं स्टेटरच्या वेटोळ्यांभोवती फिरतात आणि तीन फेजचा उलटसुलट प्रवाह तयार होतो. रेक्टिफायर त्याला एका दिशेला वळवतो, पण तो पूर्ण सपाट करत नाही. चुंबकाचे १२ ध्रुव असलेली गाडी घेऊ. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे मारतं म्हणजे सेकंदाला ५०. ध्रुवांच्या सहा जोड्यांमुळे प्रत्येक फेजमध्ये सेकंदाला ३०० आवर्तनं होतात. तीन फेजच्या दोन्ही बाजू धरल्या तर विद्युतदाबावर सेकंदाला १,८०० लाटा उमटतात. इंजिन ५,००० वर गेलं की ३,०००. माणसाचा कान साधारण दोन ते पाच हजार आवर्तनांच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. गाडी रस्त्याला लागताच शिट्टी नेमकी त्या पट्ट्यात शिरते, म्हणून ती क्षीण असली तरी छळते.

या लाटा एरवी बॅटरीच शोषून घेते, कारण तिचा अंतर्गत रोध फार कमी असतो. बॅटरी थकली, टर्मिनलचा नट सैल झाला किंवा त्यावर पांढरी भुकटी साचली की हे काम ढिलं पडतं. शिट्टीवर पैसे खर्च करण्याआधी टर्मिनल घासून, आवळून पाहावं.

गुणगुणीचं मूळ बहुधा अर्थिंगमध्ये असतं. दुचाकीत चासी हीच सगळ्यांची परतीची तार. इमारतीत एकाच पाइपवर सगळे नळ असले की खालच्याने नळ सोडताच वरच्याची धार बारीक होते, तसंच इथे होतं. ४० वॉटचे एलईडी फॉग लाइट १२ व्होल्टवर तीन अँपिअरहून जास्त प्रवाह ओढतात. अर्थिंगच्या गंजक्या सांध्यात ०.०२ ओहम रोध असला तरी तिथे साठ-सत्तर मिलिव्होल्टचा फरक उभा राहतो. प्रवाह स्थिर असता तर तो ऐकू आला नसता, पण एलईडीचं नियंत्रक सर्किट बहुधा त्याची सतत तोडजोड करतं. ॲम्प्लिफायरची परतीची तार त्याच सांध्यातून जात असेल, तर काहीशे मिलिव्होल्टच्या गाण्यात ही तोडजोड सरळ मिसळते.

शोध कसा घ्यावा

गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत उभी करावी. चालत्या गाडीवर हा शोध घेऊ नये.

पहिली पायरी: इंजिन, चार्जर आणि दिवे बंद ठेवून रेडिओ ऐका. खरखर आत्ताही असेल तर गाडीचा दोष नाही. घाटात डोंगराआड एफएमचा सिग्नल क्षीण होतो आणि नुसती सळसळ उरते. मे महिन्यात सह्याद्रीवर कडाडणाऱ्या विजा मध्यम लहरींवर तडकतात. फोन टू-जी जाळ्यावर उतरला, की जवळच्या स्पीकरमध्ये ओळखीचं टिटटिट उमटतं. तिथे फोनची जागा बदलणं एवढंच पुरतं.

दुसरी: इंजिन चालू करून वेग थोडा वाढवा आणि किल स्विच दाबा. आवाज त्याच क्षणी तुटला तर तो ठिणगीचा. इंजिन थांबेपर्यंत स्वर खाली घसरत गेला तर तो चार्जिंगचा.

तिसरी: इंजिन चालू ठेवून अँटेनाची पिन काढा. आवाज गेला तर तो हवेतून येत होता. राहिला तर तारांतून येतो आहे. हवेतल्या आवाजासाठी रोधक, अँटेनाची जागा आणि तिच्या बुडाचं अर्थिंग तपासायचं. एफएमला लागणारी पाऊण मीटरची काठी बुडाशी गंजली, की तिच्या केबलचं जाळीदार कवच राखण करण्याऐवजी स्वतःच खरखर गोळा करतं.

चौथी: चार्जर, फॉग लाइट, ॲम्प्लिफायर एकेक करून खरोखर सुटे करा, नुसते बंद नव्हे. स्वस्त यूएसबी चार्जर सेकंदाला लाखो वेळा प्रवाह तोडतो-जोडतो आणि त्याच्या पटींतल्या लहरी एफएमपर्यंत पोचतात. ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवरच्या रिकाम्या जागी लावून वायरींजवळून फिरवला, तर जिथे तो सर्वांत जास्त ओरडतो तिथे दोषी सापडतो. प्लगच्या जाड वायरीला मात्र हात लावू नये.

उपाय आता आपोआप ठरतात. ॲम्प्लिफायरला थेट बॅटरीवरून, फ्यूजसह वेगळी लाइन द्यावी आणि ध्वनीच्या सगळ्या उपकरणांचं अर्थिंग एकाच बिंदूवर आणावं. चार्जरच्या तारेवर, चार्जरला अगदी लागून, फेराइटचा मणी चढवावा. चार्जिंगला लावलेला फोन त्याच वेळी ऑक्सच्या तारेनेही जोडलेला असेल आणि चार्जर काढताच शिट्टी थांबत असेल, तर दोन वाटांनी अर्थिंग जुळून कडं तयार झालं आहे. तिथे छोट्या ट्रान्सफॉर्मरचा आयसोलेटर कामी येतो. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं आणि धातूचा दुवा तुटतो. हेल्मेटमधल्या ब्लूटूथला ठिणगीचा त्रास सहसा होत नाही. तो २.४ गिगाहर्ट्झवर सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतो आणि तिथे ठिणगीची ताकद फारशी उरत नाही. त्यातली खरखर बहुतेकदा चार्जिंगच्या तारेतून किंवा माइकवर आदळणाऱ्या वाऱ्यातून येते.

शेजाऱ्यांचाही प्रश्न

रेडिओ व्यत्ययाला आवर घालणारी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये पॅरिसला स्थापन झाली, तेव्हा घराघरांत रेडिओ येत होता. तिचं १२ क्रमांकाचं मानक वाहनाबाहेरच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या रेडिओचं रक्षण करतं; २५ क्रमांकाचं वाहनातल्या रेडिओचं. पहिल्यात वाहनापासून १० किंवा ३ मीटरवर अँटेना ठेवून ३० ते १,००० मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी मोजतात. पुण्यातली, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था भारतीय वाहनांच्या अशा चाचण्या करते.

पण चाचणी होते ती कारखान्यातून निघालेल्या गाडीची. आपण नंतर जोडलेला चार्जर किंवा दिवा गाडीसोबत कुणी तपासलेला नसतो आणि त्याचा गोंगाट गाडीबाहेरही पसरतो. कडेने जाणाऱ्याचा रेडिओ, बिनतारी संच वापरणारे पोलीस, हौशी रेडिओवाले हे सगळे तोच आसमंत वापरतात. म्हणून गाडीवर नवी वस्तू बसवण्याआधी आणि बसवल्यावर रेडिओ पाच मिनिटं ऐकावा. फरक जाणवला तर ती वस्तू परत करावी किंवा नीट दुरुस्त करावी, आवाज मोठा करून तो झाकू नये. गाडीच्या धुराची जबाबदारी आपण मालकाची मानतो. तिच्या विद्युत गोंगाटाचीही तशीच मानायला हवी.