स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न कशासाठी?



वर्गात शिक्षक मध्येच थांबून प्रश्न विचारतात. स्वयं-अध्ययनात ते काम पुस्तिकेतील प्रश्न करतात. उदाहरणार्थ, विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप ‘जग’ यांच्या उच्चारांत भेद आहे का? पुढे वाचण्यापूर्वी दोन्ही शब्द मोठ्याने उच्चारा आणि उत्तर लिहा.

पहिला ‘ज’ तालव्य, तर दुसरा दंततालव्य आहे. या भेदामुळे अर्थ बदलतो. म्हणून ते दोन स्वतंत्र स्वनिम ठरतात.

रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र तो आठवून लिहिलेल्यांच्या अधिक स्मरणात राहिला. वाचताना वाटणारी ओळख म्हणजे आकलन नव्हे. म्हणून उत्तर आधी पाहू नका. चुकल्यास तो भाग पुन्हा अभ्यासा.