आंबट भावंड

आमच्या सावंतवाडीकडच्या परड्यात पपनसाची दोन झाडं आहेत. एकाच फळाच्या बिया रुजवून वाढवलेली. एकाचं फळ आतून गुलाबी आणि गोड. दुसऱ्याचं पांढरट, आणि आंबट इतकं की माकडंही एक चावा घेऊन टाकून देतात. "जमिनीचा दोष" असा निकाल घरात केव्हाच लागला होता. पण जमीन तर दोघांना एकच!

दोष कुणाचाच नाही. आंबा-लिंबाच्या कित्येक जातींत एका बीतून अनेक कोंब फुटतात, आणि त्यांतले बरेचसे आईच्या वळणावर जातात. पपनसाच्या बीत मात्र एकच कोंब असतो, तोही आई-बापांच्या मिश्रणाचा. शिवाय बहुतेक पपनसांना स्वतःचा पराग चालत नाही, परक्या झाडाचा लागतो. म्हणजे प्रत्येक रोप ही एक सोडत. या मोकळ्या स्वभावानेच जगाला मोसंबं मिळालं: पपनस आणि संत्र्याच्या कुळाचा तो संकर. पुढे अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस आणि मोसंब्यापासून ग्रेपफ्रूट झालं.

पपनस हे मूळ आग्नेय आशियातलं फळ. बंगाली लोक त्याला 'बाताबी लेबू' म्हणतात, बाताविया म्हणजे आजच्या जकार्तावरून. थायलंडमध्ये जातींची चैन आहे: गुलाबी 'थोंग दी', पांढरी 'खाओ नाम फुएंग', म्हणजे पांढरा मध. आपल्याजवळ बंगळूरूलगतच्या देवनहळ्ळीच्या चकोत्याला, म्हणजे पपनसालाच, भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या बागा मात्र विमानतळ आणि प्लॉटांच्या रेट्यात आटल्या.

ठरावीक जात हवी तर गुटी किंवा डोळा भरलेलं कलमच घ्यावं. मी एकदा रोपवाटिकेतून 'लाल गराचं कलम' म्हणून आणलेलं निघालं बियांचं रोप. कळायला सहा पावसाळे गेले. आळं करताना बुंध्याला पाणी टेकू देऊ नये, नाहीतर डिंक्या लागतो. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आली, तर लहान रोपावरची वेचून काढावी. मोठ्या झाडावर मी ती फुलपाखरासाठी सोडून देतो.

आता चव. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायचं म्हणून आपण फळ घाईने उतरवतो, चतुर्थीनंतर फोडतो आणि त्याला कडू ठरवतो. माझं गुलाबी पपनस साल पिवळसर होईपर्यंत झाडावर राहतं, मग पंधरा दिवस फडताळावर. सालीला सुरकुती पडली की सोलायलाही सोपं जातं. कडवटपणा मुख्यतः फोडीवरच्या पापुद्र्यात असतो. तो सोलून फक्त रसाच्या टपोऱ्या कण्या काढाव्यात. वर मीठ, चिमूटभर तिखट. कण्या काढायला वेळ लागतो, म्हणून हे गप्पांचं फळ. कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं.

आंबट झाड तोडायचा सल्ला दरवर्षी कुणीतरी देतं. पण गुलाबी झाडाला लागणारा परका पराग आमच्याकडे बहुधा तेच पुरवत असावं. आसपास आता दुसरं पपनस नाही. यंदा माटवीला त्याचीच दोन फळं बांधली. गुलाबी अकरा अजून झाडावर आहेत.