वारसा : लेखांक ६ – डावा हात कुणाकडून आला?

मागच्या आठवड्यात रक्तगटाचं पाहिलं. तिथे हिशेब सरळ होता. आईवडिलांचे गट कळले की मुलाचा गट कोणता असू शकेल, हे कागदावर मांडता येतं. डावखुरेपण असल्या हिशेबात बसत नाही.

वारसा दिसतो, हे खरं. आईवडील दोघंही उजव्या हाताचे असतील, तर साधारण दहातलं एक मूल डावखुरं निघतं. दोघांपैकी एक डावखुरं असेल तर पाचातलं एक, दोघंही असतील तर चारातलं एक. पण शेवटचा आकडा उलटा वाचून बघा. आई डावखुरी, बाप डावखुरा, तरी चारातली तीन मुलं उजवीच! जुळ्यांची गोष्ट तर आणखी चक्रावणारी. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, तरी साधारण पाचातल्या एका जोडीत एक भाऊ डाव्या हाताने लिहितो आणि दुसरा उजव्या. जुळ्यांच्या मोठ्या अभ्यासांतून आलेला अंदाज असा, की माणसामाणसांतल्या या फरकात जनुकांचा वाटा सुमारे २५ टक्के.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ ख्रिस मॅकमॅनस यांनी १९८५मध्ये एक देखणी कल्पना मांडली होती. डावखुरेपणाचं असं वेगळं जनुकच नाही. एका जनुकाचं एक रूप माणसाला उजवीकडे ढकलतं. दुसरं रूप कुठेच ढकलत नाही, छापा-काटा करून मोकळं होतं. ते दुसरं रूप आईकडूनही आलं आणि बापाकडूनही, तरी डावखुरं होण्याची शक्यता निम्मीच. आईवडिलांचे आकडे आणि जुळ्यांचं कोडं, दोन्ही यातून बऱ्यापैकी सुटायचं.

फक्त ते एक जनुक काही सापडलं नाही. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने ब्रिटनमधल्या सुमारे चार लाख प्रौढांचा डीएनए चाळला आणि चार जागा दाखवल्या. पुढे सतरा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीतून ४१ जागा हाती आल्या. प्रत्येकीचा परिणाम चिमुकला. लक्षात राहण्यासारखी बाब म्हणजे त्यांतल्या बऱ्याच जागा पेशीतल्या सूक्ष्मनलिकांशी नातं सांगतात. या नलिका म्हणजे पेशीचा आतला सांगाडा. गर्भात मेंदू घडताना चेतापेशींना आकार येतो तो त्यांच्या आधारे. २०२४मध्ये नेदरलंड्समधल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांना अशाच नलिकांचं प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकात दुर्मीळ बदल आढळले. डावखुऱ्यांत ते २.७ पट जास्त होते. पण मुळातच इतके विरळ, की बहुतेक डावखुऱ्यांचा त्यांच्याशी संबंध येत नाही.

आता प्रौढांची खास अडचण. अशा अभ्यासांत बहुधा ‘तुम्ही कोणत्या हाताने लिहिता?’ एवढंच विचारलेलं असतं. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने, बॅट धरायचा उजव्यासारखी; सौरव गांगुलीचं नेमकं उलट. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं? त्यात लिहायचा हात कित्येकांचा स्वतःचा नसतोच. प्रसादाला डावा हात पुढे केला की चापट, पाटीवरची पेन्सिल डाव्या हातातून काढून उजव्यात, हे आपल्याकडच्या किती आजी-आजोबांनी सोसलंय! ब्रिटनमध्येही आधीच्या पिढ्यांत डाव्या हाताने लिहिणारे कमी भरतात. जनुकं इतक्या लवकर बदलत नाहीत, शाळामास्तर बदलतात.

मग उरलेला मोठा वाटा कशाचा? संस्कारांचा, असं म्हणावं तर गर्भच आडवा येतो. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसलेल्या ७५ बाळांना ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा गाठलं. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी. म्हणजे कल बराचसा जन्माआधीच ठरतो, पण तो सगळाच काही जनुकांच्या हुकमाने ठरत नाही. मेंदू घडताना होणाऱ्या बारीकसारीक योगायोगांना तिथे भरपूर वाव असतो. आणि हृदय, यकृत यांची डावी-उजवी बाजू ठरवणारी यंत्रणा इथे कामाला येते म्हणावं, तर तेही नाही. सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असलेली माणसंसुद्धा बहुतेक उजव्याच हाताने लिहितात.

तेव्हा डीएनए तपासून बाळ कोणत्या हाताचं होईल हे सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. काही न तपासता ‘उजव्या’ म्हणालात, तरी दहातल्या नऊ वेळा बरोबर याल.

पुढच्या आठवड्यात टकलाकडे वळू.