पेटीच्या दोन पट्ट्यांमधला सूर

देशोदेशींचे गळे : भाग 9

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या आमच्या धर्मापुरीच्या परिसरातून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. कोयता म्हणजे इथे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मग पाच-सहा महिने फडात तोडणी आणि कोपीत संसार. हंगाम संपला की हिशेब होतो आणि पुष्कळांची उचल फिटलेली नसते. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तोच मुकादम.

मागच्या भागात ब्लूज गायिका बेसी स्मिथ यांच्याबद्दल लिहिलं, त्यानंतर एका वाचकाने दोन प्रश्न विचारले. ब्लूज समजलं, पण हे ‘आर अँड बी’ काय असतं? आणि आपल्याकडचं कुणी ते गायलंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागातल्या माणसाला ऊसतोडीच्या हिशेबावरून लवकर कळेल, म्हणून तिथून सुरुवात केली.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली 1865 मध्ये. पण मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात काळ्या शेतमजुराला जमीन मिळाली नाही. जमीन मालकाची, राबणूक याची, पीक वाटून घ्यायचं. बी-बियाणं, पीठ, कापड मालकाच्याच दुकानातून उधारीवर. कापूस विकला गेला की हिशेब व्हायचा आणि वही मालकाच्या हातात असायची. बाकी पुढच्या वर्षावर ओढली जायची. जातीची आणि वंशाची दुःखं एकाच मापाने मोजता येत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण न फिटणाऱ्या बाकीचं ओझं काय असतं, हे बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या ओझ्याखालून लोक निघाले. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख काळे लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशा शहरांत गेले. गाणं त्यांच्याबरोबर गेलं. मडी वॉटर्स हा गायक मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. 1943 मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार हातात घेतली. ड्रम आला, बास आला, सॅक्सोफोन आला. शेताच्या बांधावर एकट्याने गायचं गाणं आठवडाभर राबून शनिवारी रात्री नाचायला आलेल्यांचं झालं. ब्लूज होतंच, त्याला ठेका मिळाला. म्हणून रिदम अँड ब्लूज.

हे नाव मात्र गायकांनी दिलेलं नाही. काळ्या कलाकारांच्या रेकॉर्ड्सना तोवर दुकानदार आणि कंपन्या ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. 1949 च्या जूनमध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या यादीचं ते नाव बदललं. नवा शब्द सुचवला तिथल्या जेरी वेक्सलर या पत्रकाराने. म्हणजे ‘आर अँड बी’ हे मुळात दुकानातल्या कप्प्याचं नाव. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जिची कहाणी सांगायची आहे तिला आयुष्यभर हे कप्पेच आडवे आले.

गाण्याच्या अंगाने पाहिलं तर तीन खुणा पुरेशा आहेत. पहिली खूण ठेक्याची. आपण चार मात्रांचं काही ऐकलं की पहिल्या मात्रेवर टाळी देतो, कारण सम आपल्या हाडात आहे. आर अँड बी मध्ये जोर पडतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. घरी करून बघा. एक मोकळी, दोनवर टाळी, तीन मोकळी, चारवर टाळी. दोन मिनिटांत खांदे आपोआप हलू लागतील. दुसरी खूण सवाल-जवाबाची. गायक एक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात किंवा तिला उत्तर देतात. पोवाड्यातले झीलकरी आणि भजनात बुवांच्या मागे उभे असलेले टाळकरी हेच काम करतात. तिथे ही सवय काळ्या लोकांच्या चर्चमधून आली. 1954 मध्ये रे चार्ल्स या अंध गायकाने चर्चच्या प्रार्थनागीताची धाटणी घेऊन प्रेमाचं गाणं केलं, तेव्हा धार्मिक मंडळी चिडली होती.

तिसरी खूण मला सगळ्यांत जवळची वाटते. या गाण्यातला गंधार कोमलही नसतो आणि शुद्धही नसतो, दोघांच्या मध्ये कुठेतरी डोलत राहतो. पियानोवर तो वाजत नाही. आपल्या पेटीवरही वाजत नाही. दोन पट्ट्यांमधल्या फटीतला तो सूर फक्त गळ्यातून, तारेतून किंवा फुंकेतून निघतो. आपल्याकडे रागागणिक गंधाराची जागा बदलते, त्याला आंदोलन असतं, मींड असते. गुरू समोर बसवून महिनोन्महिने ती जागा घोटून घेतो. म्हणजे जो सूर हेरायला परक्याला आयुष्य लागेल, तो हेरण्याची तालीम इथल्या शिष्याला आधीच मिळालेली असते.

आता दुसरा प्रश्न. अशी तालीम घेऊन त्या गाण्यात उतरलेलं आपल्याकडे कुणी आहे का? आहे. त्यांचं नाव आशा पुथली. जन्म मुंबईत, 1945 साली.

त्या काळची मुंबई या संगीताला अनोळखी नव्हती. 1930 च्या दशकातच ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे काळे अमेरिकन वादक वाजवून गेले होते. त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी जॅझ उचललं. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोव्याचे ट्रम्पेटवादक पुढे आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करू लागले. रामचंद्रांचा ‘अलबेला’ हा चित्रपट 1951 चा. त्यातली गाणी आवडीने ऐकणाऱ्यांच्या कानांनी ही लय कधीच स्वीकारली आहे, फक्त तिचं नाव त्यांना माहीत नाही.

आशाताईंनी मुंबईत पंडित लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे शास्त्रीय संगीताची तालीम घेतली. त्याच वेळी रेडिओवरून येणारं जॅझ त्या ऐकत होत्या आणि गातही होत्या. साठच्या दशकाच्या शेवटी ‘द सर्फरायडर्स’ या वाद्यवृंदाबरोबर त्यांची इंग्रजी गाण्यांची एक छोटी रेकॉर्डही निघाली. पण मुंबईत राहून असं गाणारीला पुढे वाट नव्हती. ब्रिटिश विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी, नंतर न्यूयॉर्कमध्ये मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यसंस्थेची शिष्यवृत्ती, अशा वळणांनी त्या अमेरिकेत पोचल्या.

इथे एक पुस्तक मदतीला आलं. वेद मेहता यांच्या 1970 सालच्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईतल्या जॅझबद्दल लिहिताना आशाताईंचं वर्णन आहे. जॉन हॅमंड यांचं लक्ष त्यांच्याकडे वळलं ते त्या पुस्तकामुळे. कोलंबिया कंपनीचे हे हॅमंड साधे गृहस्थ नव्हते. बिली हॉलिडे, ॲरेथा फ्रँकलिन, बॉब डिलन यांना हेरणारा कान त्यांचा. त्यांनी या मुंबईच्या मुलीला पाठवलं ऑर्नेट कोलमन यांच्याकडे.

ही भेट मला या साऱ्या कहाणीचं मर्म वाटते. कोलमन टेक्सासचे सॅक्सोफोनवादक. उमेदवारीच्या काळात आर अँड बी च्या बँडमध्ये वाजवून पोट भरलेले. पुढे त्यांनी ठरलेल्या कॉर्डची चौकट झुगारून वाजवायला सुरुवात केली, तेव्हा बड्या बड्या वादकांनी त्यांना वेड्यात काढलं. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन-चार सूर. पाश्चात्त्य गायक त्यांच्या आधाराने आपला सूर शोधतो. तो आधार काढून घेतला की भलेभले चाचपडतात. पण आपल्याकडे कॉर्ड कधी होते? तंबोऱ्याचा षड्ज लागला की रागाच्या वाटेने एकट्याने चालायचं, हीच तर लक्ष्मणप्रसादांची शिकवण. सप्टेंबर 1971 मध्ये ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमसाठी आशाताईंनी कोलमन यांची दोन गाणी गायली. चहूबाजूंनी वाद्यांचा कल्लोळ चालू आहे आणि मधून हा आवाज एका लांब सुरावर निवांत चालतो आहे. कुठेही सतार नाही, तबला नाही, भारतीयपणाची जाहिरात नाही. तालीम आहे ती सुराच्या वळणात. त्या गायनासाठी ‘डाउनबीट’ या जॅझच्या मान्यवर मासिकाच्या समीक्षकांनी आपल्या कौलात त्यांना मान दिला.

त्याच वर्षी पीटर आयव्हर्सच्या ब्लूज बँडबरोबर त्यांनी मार्विन गे यांचं ‘एंट दॅट पेक्युलियर’ हे गाणं गायलं. मूळ गाणं 1965 चं, आर अँड बी च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं. मार्विन गे ते उड्या मारत गातात. आशाताई तेच संथ, जवळजवळ झोपेत असल्यासारखं गातात. आणि तो मधला गंधार नेमका लागतो.

यानंतर खरं तर वाट सरळ असायला हवी होती. पण कंपन्यांना प्रश्न पडला की या बाईंना कोणत्या कप्प्यात ठेवायचं? जॅझ? सोल? आणि साडी नेसून आलेली मुलगी सतारीशिवाय गाते, हे काय? ॲरेथा फ्रँकलिन यांनाही याच कोलंबियाने साठच्या दशकात असंच चुकीच्या कप्प्यात ठेवलं होतं. 1966 च्या अखेरीस त्या ॲटलांटिक कंपनीत गेल्या आणि तिथे त्यांचा सूर खुलवणारा निर्माता होता जेरी वेक्सलर, ज्याने या संगीताला नाव दिलं तोच. आशाताईंना असा वेक्सलर अमेरिकेत भेटला नाही. त्यांचे अल्बम निघाले ते युरोपातून. 1973 चा पहिला अल्बम डेल न्यूमन यांनी केला. त्यात बिल विदर्स, जॉर्ज हॅरिसन, जे. जे. केल यांची गाणी त्यांनी आपल्या चालीने घोळवून गायली आहेत. 1976 मध्ये ‘द डेव्हिल इज लूज’ आला आणि त्यातल्या ‘स्पेस टॉक’ या गाण्याने न्यूयॉर्कमध्ये वेगळंच नशीब काढलं. डेव्हिड मॅनक्युसो नावाचा गृहस्थ आपल्या घरीच नाचाच्या मैफली भरवायचा. ‘लॉफ्ट’ म्हणून ती जागा प्रसिद्ध होती. तिथे हे गाणं रात्रीमागून रात्री वाजत राहिलं.

पुढे मुलाला वाढवण्यासाठी त्यांनी गाण्यापासून लांब राहणं पसंत केलं. पण रेकॉर्ड थांबली नव्हती. नव्वदच्या दशकातली रॅप करणारी पोरं जुन्या रेकॉर्डमधला काही सेकंदांचा तुकडा कापून घेत, तो पुन्हा पुन्हा फिरवत आणि त्यावर आपलं गाणं रचत. याला सॅम्पल म्हणतात. नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा 9 मार्च 1997 रोजी लॉस एंजेलिसमध्ये खून झाला आणि सोळा दिवसांनी त्याचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा अल्बम बाजारात आला. त्याच्या लाखो प्रती घराघरांत गेल्या. त्यातल्या एका गाण्याखाली ‘स्पेस टॉक’ वाजतं आहे. ब्रुकलिनच्या गल्ल्यांतली पोरं ज्या सुरावर डोलत होती, तो मुंबईत लक्ष्मणप्रसादांसमोर बसून घोटलेला होता. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना गायिकेचं नाव ठाऊक असेल? आणि आपल्याकडे तरी किती जणांना होतं? परदेशातल्या साध्या सत्काराच्याही बातम्या आपण छापतो. इतक्या मोठ्या गळ्याची नोंद मराठी संगीतलेखनाने जवळपास घेतली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

2006 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, उघड्या मैदानावर, त्या पुन्हा गायल्या. तोवर त्यांची सॅम्पल्स ऐकून वाढलेली एक पिढी तरुण झाली होती.

आमच्या धर्मापुरीत केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी कोरल्या आहेत. संध्याकाळी तिथे बसून मी ‘सायन्स फिक्शन’ मधली ती दोन गाणी ऐकली. उन्हं कलत असताना दगडातल्या त्या कमरेची वळणं आणि कानात तो लांब सूर. माझ्या मनात दोन्ही कायमची एकत्र बसली आहेत.

वाचकांना एक विनंती. मोबाइलच्या स्पीकरवर नको, इअरफोन लावून ऐका. आधी मार्विन गे यांचं मूळ गाणं, मग आशाताईंनी गायलेलं तेच गाणं, आणि शेवटी ‘स्पेस टॉक’. घरी कुणी गाणं शिकत असेल तर त्यांनाही शेजारी बसवा आणि गंधार कुठे लागतो ते पेटीवर शोधायला सांगा. काय सापडलं ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात ॲरेथा फ्रँकलिन.