आधी गड, मग शिदोरी

लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण रोजच्या डब्याविषयी बोललो. आज रविवारच्या सहलीविषयी. आठवडाभर सांभाळलेलं पथ्य एका सहलीत मोडतं, ही तक्रार बऱ्याच घरांत ऐकू येते. आपल्या शहरात तरी ती यायला नको. छत्रपती संभाजीनगरहून देवगिरी १५ किलोमीटर, खुलताबाद २५, वेरूळ ३०. खुलताबादच्या भद्रा मारुतीला तर श्रावणी शनिवारी लोक शहरातून रात्री पायी निघतात. इतकी चालण्याजोगी ठिकाणं हाताशी असताना सहल म्हणजे गाडी आणि ढाबा, एवढंच उरलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

देवगिरीच घ्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण साडेसातशे पायऱ्या. चांदमिनार मागे टाकला, खंदक ओलांडला की अंधारी हा काळोखा भुयारी मार्ग लागतो. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली उंचसखल पायऱ्या, हातात बॅटरी. पोटात भजी आणि दोन वडापाव असतील तर मळमळ सुरू होते ती इथेच. तळलेलं पोटात बराच वेळ रेंगाळतं. चढताना मांड्यांना जादा रक्त लागतं, आणि नेमकं तेव्हाच पोटही ते मागत असतं. म्हणून चढण्याआधी एखादं केळं किंवा मूठभर फुटाणे नि गुळाचा खडा पुरे. पाणी घोट घोट पीत राहा. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. त्यापेक्षा घरून लिंबू-मिठाचं पाणी न्यावं.

गुडघे बोलतात ते बहुधा उतरताना. प्रत्येक पायरीला अंगाचं सगळं वजन मांडीचे स्नायू रोखून धरतात. ते दमले की भार गुडघ्यावर येतो. आई-बाबा बरोबर असतील तर गडावरच्या बारादरीत पंधरा मिनिटं बसा, वारा खा, मग सावकाश उतरा. ज्यांना झेपत नाही त्यांनी चांदमिनारापर्यंतच जावं. तेवढंही चालणंच आहे.

आणि खाली आल्यावर शिदोरी सोडावी. आपल्या आज्यांनी प्रवासासाठी दशमी केली ती विचार करूनच. ज्वारीचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळलं की भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. आमच्याकडे दशम्या सुती फडक्यात बांधतात आणि मध्ये लसूण-शेंगदाण्याची चटणी ठेवतात. गाठ सोडली की फडक्यावर तेलाचा लालसर डाग दिसतो आणि चढून आलेल्या पोरांची भूक खवळते. सोबत कांदा, काकडी, दही. ज्वारीतल्या चोथ्यामुळे पोट लवकर भरतं आणि भरलेलं राहतं. दशमी जमत नसेल तर धपाटी करा. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. वेफर्सच्या पुड्याऐवजी मुलांना तेच घेऊन द्या. मधुमेह असलेल्यांनी मात्र एकात दोघांनी भागवावं.

थंडीतल्या हुरडा पार्टीचं थोडं वेगळं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस तळहातावर चोळलं की हिरवे, गरम दाणे सुटतात; चटणी, दही, गूळ यांच्यासोबत त्यांचं जेवणच होतं. चूक होते ती पुढे. हुरड्याला नाश्ता समजून वर वांग्याचं भरीत, पिठलं-भाकरी, जिलेबी असं पूर्ण ताट घेतलं जातं. माझं स्पष्ट मत आहे, हुरडा खाल्ला की दुपारचं जेवण झालं. मग शेताच्या बांधावरून तासभर फिरा, बोरं वेचा, मुलांना विहीर दाखवा.

वेरूळला कैलास पाहून मंडळी माघारी फिरतात. तिथे ३४ लेणी आहेत आणि ती जवळपास दोन किलोमीटरच्या कड्यात पसरली आहेत. पहिल्या लेण्यापासून शेवटच्यापर्यंत चालत गेलं आणि आलं, तर वेगळ्या व्यायामाची गरज नाही. अजिंठ्याचा प्रवास मात्र १०० किलोमीटरचा. वाटेत एकदा तरी गाडी थांबवून सगळ्यांनी पाय मोकळे करावेत.

जाण्याआधी एवढं ध्यानात असू द्या : वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. उन्हाच्या आत गड चढायचा तर घरून सकाळी लवकर निघावं लागेल, तेव्हा दशम्या शनिवारी रात्रीच करून ठेवा.