प्रोस्टेट बायोप्सीनंतरचा ताप : सकाळची वाट पाहू नये

साठी उलटलेल्या गृहस्थांच्या रक्ततपासणीत पीएसएचे प्रमाण वाढलेले आढळते, एमआरआयमध्ये शंकास्पद भाग दिसतो आणि मूत्ररोगतज्ज्ञ प्रोस्टेटची बायोप्सी सुचवितात. त्या दिवसापासून घरात चर्चा होते ती केवळ कर्करोगाची. अहवालाच्या चिंतेत जंतुसंसर्गाचा विचार मागे पडतो. वस्तुतः अहवाल येईपर्यंत थांबता येते. संसर्ग मात्र पहिल्या काही दिवसांतच जीवावर बेतू शकतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली व गुदाशयाच्या पुढे असते. रूढ पद्धतीत गुदाशयात सोनोग्राफीचा प्रोब ठेवून, त्याच्या भिंतीतून सुई नेऊन साधारणतः १० ते १२ बारीक तुकडे काढले जातात. सुईच्या प्रत्येक फेरीबरोबर आतड्यातील जंतू, मुख्यतः ई. कोलाय, ग्रंथीत आणि तेथून रक्तात शिरू शकतात. म्हणजे हा शत्रू बहुधा बाहेरचा नसतो. तो रुग्णाच्या शरीरातच वस्तीला असतो.

पूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातील गोळ्या यावर पुरेशा मानल्या जात. आज भारतात या औषधांना दाद न देणारे ई. कोलाय मोठ्या प्रमाणात आढळतात. सर्दी-पडशासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली आणि बरे वाटताच अर्ध्यावर सोडलेली प्रतिजैविके ही जणू शरीराच्या खातेवहीतील उधारी होय. ती नेमकी अशा वेळी वसूल होते.

म्हणून प्रतिबंधाचे खरे काम बायोप्सीपूर्वीच होते. अंडकोश व गुदद्वार यांच्यामधील त्वचेतून सुई नेण्याच्या पद्धतीत संसर्गाचा धोका पुष्कळ कमी असतो. युरोपातील मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना याच पद्धतीला प्राधान्य देतात. ती सोय आहे काय, हे अवश्य विचारावे. नसल्यास गुदाशय पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करणे आणि आधी तेथील नमुन्याचे कल्चर करून लागू पडेल असेच प्रतिजैविक निवडणे, हे उपाय उपलब्ध आहेत. लघवीत संसर्ग असल्यास तो बरा होईपर्यंत बायोप्सी पुढे ढकलावी लागते.

रुग्णाने डॉक्टरांपासून काही लपवू नये. मधुमेह, लघवीची नळी, पूर्वीचा मूत्रसंसर्ग, गेल्या सहा महिन्यांत घेतलेली प्रतिजैविके, रुग्णालयातील वास्तव्य आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची यादी लिहूनच न्यावी. चौविहार किंवा उपवास असल्यास तेही आधी सांगावे, म्हणजे औषधाच्या वेळा त्यानुसार ठरविता येतील. मात्र स्वतःच्या मनाने मात्रा चुकवू नये.

बायोप्सीनंतर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे थोडे रक्त दिसणे अपेक्षित असते. परंतु १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, हुडहुडी, विलक्षण अशक्तपणा अथवा लघवी अडणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच बायोप्सीचे कागद घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे रक्त व लघवीचे कल्चर घेऊन शिरेतून प्रतिजैविक सुरू करता येते. तापाची गोळी देऊन ‘सकाळी पाहू’ म्हणण्यात मोलाचे तास जातात. जंतू रक्तात पसरल्यावर काही तासांतच रक्तदाब घसरून मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

दुकान, सण, पाहुणे यांपैकी प्रत्येक गोष्ट एक दिवस थांबू शकते. तो ताप थांबत नाही. बायोप्सीनंतरचा पहिला आठवडा घरातील एका तरी जाणत्या व्यक्तीने थर्मामीटर आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवावा.