एका लघुसंगणकाचा जीर्णोद्धार

खानदेशात विहिरीवरची विजेची मोटार जळाली म्हणजे शेतकरी ती भंगारात घालीत नाही. तो ती कारागिराकडे नेतो, कारागीर आतील जळालेली तार उलगडून नवी गुंडाळतो, आणि त्याच लोखंडी कवचातील मोटार पुढे कित्येक वर्षे पाणी उपसते. कवच शाबूत असून मर्म तेवढे बदलता येत असेल तर वस्तूला दुसरे आयुष्य देता येते, हा विचार शेतीच्या सरंजामापुरता आपल्याकडे सर्वमान्य आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र, तो मंद झाला की मोडीत काढावयाचा, असा शिरस्ता दोंडाईच्यासारख्या बाजारपेठेच्या गावीही रूढ होत चालला आहे. हा शिरस्ता अपरिहार्य नाही, याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे ॲपल कंपनीचा २००६ सालचा मॅक मिनी.

साडेसहा इंच लांब, तितकीच रुंद आणि अवघी दोन इंच उंच अशी ही पेटी स्टीव्ह जॉब्ज यांनी जानेवारी २००५ मध्ये प्रथम जगापुढे ठेवली. पडदा, कळफलक आणि माउस ग्राहकाने आपल्या घरचेच जोडावेत अशी तिची योजना होती, आणि ४९९ डॉलर या तिच्या प्रारंभीच्या किमतीचे मर्मही त्यातच होते. पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत तिच्या अंतरंगात इंटेलचे प्रोसेसर आले: स्वस्त पेटीत एकाच गाभ्याचा, दीड गिगाहर्ट्झ वेगाचा कोअर सोलो, आणि महाग पेटीत दोन गाभ्यांचा कोअर ड्युओ. हे दोन्ही वस्तुतः लॅपटॉपसाठी घडविलेले होते. कारण टेबलावरच्या मोठ्या संगणकाचा तत्कालीन प्रोसेसर एवढ्याशा जागेत कसाबसा बसविता आला असता, तरी त्याच्या उष्णतेचा बंदोबस्त करणे अशक्य होते.

त्या काळचे प्रोसेसर इतके तापट का झाले होते, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. पुण्यात जन्मलेले विनोद धाम ज्याच्या निर्मितीत अग्रभागी होते तो पेंटियम १९९३ साली बाजारात आला, आणि त्यानंतर त्याच्या वंशात निव्वळ वेग वाढविण्याची अशी अहमहमिका सुरू झाली की २००४ च्या सुमारास पेंटियम फोरचे काही प्रकार शंभर वॉटांहून अधिक उष्णता टाकू लागले. इस्रायलमधील हैफा येथील इंटेलच्या अभियंत्यांपुढचा प्रश्न निराळा होता. त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी मितव्ययी प्रोसेसर करावयाचा होता, आणि म्हणून त्यांनी वेगाच्या आकड्यापेक्षा प्रत्येक वॉटमागे होणाऱ्या कामाकडे लक्ष दिले. त्यांच्या या विचारातून २००३ साली पेंटियम एम आणि २००६ साली कोअर टू ड्युओ जन्मास आले. आणि निकडीपोटी स्वीकारलेली ही काटकसर इतकी गुणकारी ठरली की इंटेलने टेबलावरच्या संगणकांसाठीही तोच मार्ग पत्करला.

आता मुख्य मुद्दा. २००६ च्या मॅक मिनीत प्रोसेसर मदरबोर्डवर डाख देऊन कायमचा बसविलेला नाही. तो ‘सॉकेट एम’ या प्रकारच्या सॉकेटमध्ये बसतो, आणि सॉकेटवरचा एक छोटा स्क्रू किंचित फिरविला की मोकळा होतो. त्या जागी त्याच सॉकेटचा कोअर टू ड्युओ बसू शकतो. परंतु खरेदी करताना आकड्यांवर विसंबून चालत नाही. टी ७२००, टी ७४०० आणि टी ७६०० हे अनुक्रमे २, २.१६ आणि २.३३ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर या कामी येतात. मात्र त्यांच्या मधोमध बसणारा, नावावरून सख्खा भाऊ वाटणारा टी ७३०० येथे सर्वस्वी निरुपयोगी आहे, कारण त्याचे सॉकेट वेगळे आणि मदरबोर्डशी बोलण्याची गतीही वेगळी, ६६७ ऐवजी ८०० मेगाहर्ट्झ. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वा अन्यत्र कोठून जुना प्रोसेसर मागविताना पूर्ण क्रमांक आणि सॉकेट एम हा उल्लेख यांची खातरजमा केल्यावाचून पैसे देऊ नयेत.

पेटी उघडण्याचा विधी नाजूक आहे. तिच्या बाहेर एकही स्क्रू दिसत नाही. रंगाऱ्याची पातळ, रुंद पाती तळाच्या फटीत सरकवून आतील खाचा एकेक करून सोडवाव्या लागतात. त्यानंतर अँटेनाची बारीक तार जपत वरचा सांगाडा उचलावयाचा आणि स्प्रिंगच्या चार प्लास्टिक खुंट्यांनी दाबून धरलेला हीटसिंक काढावयाचा. या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते. सिलिकॉनचा चकचकीत तुकडा उघडाच असतो, आणि हीटसिंक तिरपा दाबला गेला तर त्याचा कोपरा उडतो. यास्तव येथे बळापेक्षा सावकाशीचे मोल अधिक आहे. जुनी, वाळून गेलेली थर्मल पेस्ट पूर्णपणे पुसून नवी अगदी पातळ लावावी.

खानदेशातील वाचकाच्या मनात मात्र सर्वांत आधी उन्हाळ्याचाच प्रश्न येईल, आणि तो योग्यच आहे. प्रोसेसर थंड होतो तो भोवतालच्या हवेच्या आधाराने; जी हवा पौषातल्या सकाळी बारा अंशांवर असते तीच वैशाखात त्रेचाळीस अंशांवर गेली, तर पंख्याला तेच काम कितीतरी अधिक कष्टाने करावे लागते. कोअर सोलोची उष्णतेची मर्यादा २७ वॉट, कोअर ड्युओची ३१ आणि नव्या कोअर टू ड्युओची ३४. म्हणजे सर्वांत लहान प्रोसेसर काढून हा बसविला तरी वाढीव भार सात वॉटांचा. ॲपलने स्वतः २००७ साली याच आकाराच्या पेटीत कोअर टू ड्युओ घातला होता, तेव्हा पेटीला हा भार पेलतो याविषयी शंका नको. खरा शत्रू धूळ आहे. मिरची आणि धान्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या दोंडाईच्यात, रस्त्याकडेच्या दुकानातील पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत एका हंगामात जे साचते, ते सात वॉटांच्या वाढीपेक्षा पुष्कळ घातक असते; म्हणून होळीनंतर, उन्हाळा तापण्यापूर्वी, पेटी उघडून फुंकून स्वच्छ करण्याची तजवीज दरवर्षी असावी. शंभर अंशांची सीमा गाठली की प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गती आपोआप कमी करतो, आणि वापरणाऱ्याची समजूत मात्र यंत्र म्हातारे झाले अशी होते.

या खटाटोपाचे फळ केवळ वेगात मोजणे अपुरे आहे. जुने कोअर सोलो आणि कोअर ड्युओ ३२ बिटांचे, तर कोअर टू ड्युओ ६४ बिटांचा. आणि आज हाच भेद निर्णायक ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन या मुक्त प्रणालीच्या तेराव्या आवृत्तीने ३२ बिटांच्या प्रोसेसरवर नव्याने स्थापना करण्याची सोयच बंद केली. म्हणजे जुना प्रोसेसर ठेवला तर सुरक्षिततेच्या सुधारणा मिळण्याची वाट हळूहळू बंद होत जाते आणि नवा बसविला तर ती पुन्हा मोकळी होते. एक अडचण तेवढी ध्यानात ठेवावी. यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, ३२ बिटांचाच राहतो, त्यामुळे अशा मिश्र यंत्राला चालणारी प्रतच निवडावी लागते. २००७ च्या मॅक मिनीचे फर्मवेअर चढविल्यास दोन गिगाबाइट रॅमची मर्यादा तीनपर्यंत वाढते. परंतु ते चढत असताना वीज गेली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून हे काम इन्व्हर्टरवरच करावे. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली तर प्रत्यक्ष वापरात जाणवणारा फरक प्रोसेसरच्या फरकाहूनही मोठा असतो.

तीन गिगाबाइट रॅमच्या या यंत्राकडून चित्रफितींच्या संपादनाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण युनिकोडमध्ये मराठी मजकूर लिहिणे, ग्रंथालयाची नोंदवही, दुकानाचा जमाखर्च, शाळेच्या दप्तरातील याद्या, ही कामे ते निष्ठेने करील. आणि त्याच्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्याची क्षमताच ११० वॉटांची असल्याने वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर त्याचा भारही बेताचाच राहील.

हे सारे शक्य झाले ते एका सॉकेटमुळे. मॅक मिनीच्या २००९ च्या आवृत्तीपासून प्रोसेसर डाख देऊन बसविला जाऊ लागला, आणि २०२० च्या आवृत्तीपासून रॅमही प्रोसेसरच्याच ठोकळ्यात गेली. म्हणून संगणक घेणाऱ्या प्रत्येकास, विशेषतः शाळा आणि वाचनालये यांच्या चालकांस, कळकळीची विनंती आहे: किंमत विचारण्यापूर्वी रॅम, डिस्क आणि प्रोसेसर यांपैकी काय काय बदलता येते, हे दुकानदारास विचारा, आणि त्याचे उत्तर बिलावर लिहून घ्या.